निसर्गातील निवड
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पाठाचे प्रयोजन

प्राथमिक शाळेत विज्ञानाच्या तासाला सजीवांचे अनुकूलन हा विषय वारंवार येतो. उंटाचे तळवे रुंद असतात, बदकाच्या बोटांना पडदे असतात, निवडुंगाला पानांऐवजी काटे असतात, अशी उदाहरणे मुले सहज पाठ करितात. तथापि 'हे असे का झाले?' असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला, म्हणजे त्यास बहुधा एकच उत्तर मिळते : 'त्याला गरज होती म्हणून.' हे उत्तर ऐकावयास सोपे आणि चटकन पटण्याजोगे आहे. परंतु ते बरोबर नाही. गरज पडली म्हणून कोणत्याही प्राण्यास नवा अवयव फुटत नाही, अथवा इच्छा केली म्हणून त्याच्या पिलांची ठेवण पालटत नाही.

लहान वयात रुजलेली चुकीची कल्पना पुढे उपटून काढणे कठीण असते. माध्यमिक शाळेत उत्क्रांतीचा अभ्यास करिताना तर ती आड येतेच. परंतु औषधाचा क्रम पुरा का करावा, एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे का फवारू नये, अशा रोजच्या व्यवहारातील प्रश्नांतही ती नडते. यास्तव नैसर्गिक निवडीचे तत्त्व शिक्षकांनी प्रथम स्वतः नीट समजून घ्यावे व मग मुलांच्या वयास झेपेल अशा रीतीने ते मांडावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

माणसाने केलेली निवड

विषयाचा आरंभ मुलांच्या परिचयाच्या गोष्टीपासून करणे इष्ट होय. घरचे बियाणे राखणारा शेतकरी कापणीपूर्वी शेतातून फिरतो व टपोऱ्या, भरदार दाण्यांची कणसे बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवितो. सर्व कणसे सारखी नसतात, हे त्यास ठाऊक असते. चांगल्या बियाण्याचे गुण पुढील पिकात काही अंशी उतरतात, हेही त्यास अनुभवाने ठाऊक असते. अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली, म्हणजे मूळच्या रानटी गवतापासून भरघोस कणसाचे धान्य निर्माण होते. गाई, शेळ्या, कोंबड्या, कुत्रे यांच्या निरनिराळ्या जाती माणसाने अशाच निवडीने घडविल्या आहेत.

येथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी. शेतकऱ्याने कोणत्याही एका कणसातील दाणा ओढून मोठा केलेला नाही. कणसांत फरक अगोदरच होता. त्यांपैकी कोणत्या कणसाचा वंश पुढे चालावा, एवढेच त्याने ठरविले. बदल झाला तो एका ताटात नव्हे, तर पिढ्यांमागून पिढ्या पेरल्या गेलेल्या पिकात. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्यास पुढील सर्व विषय सुलभ होईल.

डार्विन आणि वॉलेस

चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने याच निवडीवरून आपल्या विचारास सुरुवात केली. १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' नावाच्या जहाजातून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागरात गालापागोस नावाचा ज्वालामुखीजन्य बेटांचा समूह आहे. तेथे १८३५ साली तो सुमारे पाच आठवडे होता. तेथून त्याने आणलेल्या पक्ष्यांची तपासणी लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८३७ साली केली. तेव्हा, चोचींच्या ठेवणीवरून निरनिराळ्या कुळांतले वाटणारे अनेक लहान पक्षी प्रत्यक्षात फिंच या एकाच गटातील निकटच्या जाती आहेत, असे निष्पन्न झाले. एकाच पूर्वजापासून इतक्या जाती कशा झाल्या असतील, हा प्रश्न डार्विनच्या मनात घोळू लागला.

१८३८ साली त्याने लोकसंख्येविषयीचा माल्थसचा प्रबंध वाचला. सजीव जितकी संतती निर्माण करितात, तितकी सर्व जगणे शक्य नाही, हा विचार त्यास तेथे लाभला. एका वडाला किती फळे येतात आणि त्यांतील किती बियांचे वड होतात, एवढे पाहिले तरी या म्हणण्याची सत्यता पटते. बेडकी एका वेळी शेकडो, हजारो अंडी घालते. तरी डबकी बेडकांनी भरून जात नाहीत. अन्न, पाणी, जागा ही सर्व मर्यादित असतात. शत्रू, रोग व हवामान यांचा मारा चालू असतो. यालाच 'जीवनकलह' असे नाव पडले आहे.

डार्विनने आपला विचार वीस वर्षे पडताळून पाहिला. घरी कबुतरे पाळून त्यांच्या जातींचा त्याने बारकाईने अभ्यास केला. इतक्यात १८५८ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या दुसऱ्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने, आग्नेय आशियातील बेटांवर तापाने आजारी असता सुचलेली तीच कल्पना लिहून त्याच्याकडे धाडिली. तेव्हा दोघांचेही लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र वाचण्यात आले. पुढील वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, डार्विनचा जातींच्या उत्पत्तीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तत्त्वाची चार अंगे

नैसर्गिक निवडीचे तत्त्व चार सोप्या विधानांत सांगता येते.

(१) एकाच जातीच्या व्यक्ती परस्परांहून थोड्याफार भिन्न असतात.
(२) या भेदांपैकी काही भेद आई-बापांकडून संततीकडे उतरतात.
(३) जितकी संतती जन्मास येते, तितकी सर्व जगत नाही व सर्वांनाच पुढे संतती होत नाही.
(४) त्या परिस्थितीत ज्यांचे भेद उपयोगी पडतात, त्यांचा वंश सरासरीने अधिक चालतो. म्हणून पुढील पिढीत ते भेद अधिक प्रमाणात आढळतात.

पहिली तीन विधाने खरी असली, म्हणजे चौथे आपोआप निष्पन्न होते. निवड करणारा कोणी शेतकरी येथे नाही. परिस्थितीच चाळणीचे काम करिते. चाळणीला जशी बुद्धी नसते, तशीच या निवडीलाही नसते.

भेद कसे उत्पन्न होतात व ते कसे उतरतात, हे मात्र डार्विनला नीट उलगडले नव्हते. ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याच्या रोपांवर केलेले आनुवंशिकतेचे प्रयोग १८६६ साली छापले गेले. परंतु १९०० पर्यंत त्यांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आज हे ज्ञात आहे की, आनुवंशिक गुणांचे लेखन पेशींतील डी.एन.ए. या द्रव्यात असते, त्याची नक्कल होताना अधूनमधून चुका घडतात आणि त्यांतून नवे भेद निर्माण होतात. या चुका प्राण्याच्या गरजेकडे पाहून होत नाहीत. त्यांपैकी पुष्कळ निरुपयोगी, काही अपायकारक, तर क्वचित एखादी उपकारक ठरते.

दॅफ्नी बेटावरील दुष्काळ

नैसर्गिक निवड ही फार सावकाश चालणारी गोष्ट असून ती डोळ्यांनी पाहणे अशक्य आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. गालापागोस समूहातील दॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर झालेल्या कार्याने तो दूर केला. पीटर ग्रँट व रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून सुमारे चाळीस वर्षे तेथील फिंच पक्ष्यांचे निरीक्षण केले. पक्षी पकडावयाचा, त्याची चोच, पंख व वजन मोजावयाचे, पायात खुणेची रंगीत कडी घालून त्यास सोडून द्यावयाचे, हा क्रम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चालविला. बेट लहान असल्याने जवळजवळ प्रत्येक पक्ष्याची नोंद त्यांच्यापाशी होती.

१९७७ साली त्या बेटावर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. भूमीवर चरणाऱ्या मध्यम आकाराच्या फिंचांचे खाद्य म्हणजे बिया. मऊ व बारीक बिया लवकरच संपल्या. उरल्या त्या मोठ्या व टणक. त्यांत आपल्याकडील सराट्याच्या, म्हणजे गोखरूच्या, जातकुळीतील एका काटेरी वनस्पतीची फळे होती. सराट्याचा काटा ज्याच्या पायात मोडला असेल, त्यास त्या फळाचा कठीणपणा सांगावयास नको. ते फोडून आतील बी काढणे जाड चोचीच्या पक्ष्यांनाच साधत असे. दुष्काळ सरेपर्यंत या जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले.

कोणते वाचले? मोजमापांच्या वहीने याचे उत्तर दिले. दुष्काळापूर्वी या पक्ष्यांच्या चोचीची जाडी सरासरीने ९.४२ मिलिमीटर होती. वाचलेल्यांची सरासरी ९.९६ मिलिमीटर भरली. अंतर अवघे अर्ध्या मिलिमीटरचे. परंतु जगणे व मरणे यांतील अंतर तेवढेच होते. पुढे पाऊस पडून पिले झाली. चोचीची जाडी आनुवंशिक असल्यामुळे त्या पिलांच्या चोचीही दुष्काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा जाड निघाल्या.

शिक्षकांनी येथे थांबून विचारावे : 'एखाद्या पक्ष्याची चोच दुष्काळात जाड झाली काय?' नाही. प्रत्येक पक्ष्याची चोच होती तशीच राहिली. बदलली ती पक्ष्यांच्या समूहाची सरासरी. कारण बारीक चोचीचे बहुसंख्य पक्षी त्यातून वजा झाले.

पुढील भाग तितकाच बोधप्रद आहे. १९८३ साली त्या बेटावर अतिवृष्टी झाली, वेली माजल्या आणि बारीक बियांचा सुकाळ झाला. त्यानंतरच्या वर्षांत लहान चोचीच्या पक्ष्यांचे अधिक निभावले व सरासरी उलट दिशेने सरकली. १९८२ च्या सुमारास तेथे अधिक मोठ्या चोचीची दुसरी एक फिंच जात वस्तीस आली होती. २००४-०५ च्या दुष्काळात टणक बिया तिनेच फस्त केल्या. तेव्हा मध्यम जातीतील जाड चोचीचे पक्षी उपासमारीने अधिक मेले आणि बारीक चोचीचे त्यामानाने तगले. १९७७ च्या दुष्काळात जो गुण तारक ठरला, तोच या दुष्काळात मारक ठरला. यावरून 'योग्य' हा शब्द परिस्थितीशी निगडित आहे, स्वतंत्रपणे त्यास अर्थ नाही, हे सिद्ध होते.

हिवतापाचा डास आणि डी.डी.टी.

दूरच्या बेटावरील ही गोष्ट आपल्या अंगणातही घडलेली आहे. १९४७ च्या सुमारास भारतात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व त्यात सुमारे आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरांच्या भिंतींवर डी.डी.टी.ची फवारणी होऊ लागली. १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. परिणाम नेत्रदीपक होता : १९६५ साली रुग्णांची संख्या सुमारे एक लाखापर्यंत उतरली.

परंतु ग्रामीण भागात हिवताप पसरविणाऱ्या ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस या डासाच्या अंगी डी.डी.टी.ला दाद न देण्याची शक्ती आल्याचे १९५९ सालीच, तेव्हा मुंबई राज्यात मोडणाऱ्या पंचमहाल जिल्ह्यात, आढळून आले होते. फवारणीने डास 'सरावले' असे लोक म्हणतात. ते शास्त्रीय दृष्ट्या बरोबर नाही. डासांच्या अफाट संख्येत काही थोडे डास जन्मतःच असे होते की, त्यांवर विषाचा परिणाम कमी होई. फवारणीपूर्वी त्यांना या गुणाचा काही लाभ नव्हता. फवारणीने इतर डास मेले, हे राहिले, आणि पुढील पिढ्या त्यांच्याच वंशाच्या झाल्या. डासाची पिढी थोड्या दिवसांची असल्याने हा बदल काही वर्षांतच दिसून आला. १९७६ साली देशातील रुग्णसंख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. या पुनरागमनास कीटकनाशकांचा अपुरा पुरवठा, कामातील शैथिल्य अशी इतरही कारणे होती. तथापि डासांतील ही निवड हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

जंतुनाशक औषधांचीही हीच कथा आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग याने १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच, औषध अपुऱ्या मात्रेत घेतल्यास त्यास दाद न देणारे जंतू शिल्लक राहतील, असा इशारा दिला होता. क्षयरोगाचा रुग्ण खोकला थांबला म्हणून गोळ्या मध्येच सोडतो; त्या वेळी शरीरात उरलेले जंतू बहुधा सर्वांत चिवट असतात. तेच वाढतात, तेच घरातील इतरांकडे जातात आणि मग साध्या औषधांनी रोग हटत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम का पुरा करावयाचा, हे ज्या मुलाला समजले, ते आपल्या घरातही ते सांगू शकेल. या पाठाचे एवढे फळ मिळाले तरी श्रम सार्थकी लागतील.

वर्गात करावयाचा प्रयोग

साहित्य : सारख्या आकाराचे वाळलेले हिरवे वाटाणे ४० व पांढरे वाटाणे ४०, हिरव्या गवताचा लहानसा तुकडा, फळा.

कृती : सर्व वाटाणे गवतावर सारखे पसरून टाकावेत. चार मुलांना 'पक्षी' नेमावे. प्रत्येकाने एका वेळी एकच दाणा, जो प्रथम दिसेल तो, उचलावा. एकंदर ४० दाणे वेचून होताच थांबावे. वेचलेले दाणे मोजून, उरलेल्यांत प्रत्येक रंगाचे किती, ते फळ्यावर लिहावे. समजा, २८ पांढरे व १२ हिरवे वेचले गेले. तर उरले १२ पांढरे व २८ हिरवे. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे त्याच रंगाचा एक दाणा 'संतती' म्हणून घालावा. म्हणजे दुसऱ्या पिढीत २४ पांढरे व ५६ हिरवे होतील. असे तीन वेळा करावे. त्यानंतर हाच खेळ पांढऱ्या चादरीवर करून पाहावा. शेवटी एकदा सर्व दाणे पांढरेच घेऊन तो गवतावर करावा.

शिक्षकांनी काढून घ्यावयाचे निष्कर्ष : गवतावर हिरव्यांचे प्रमाण वाढते, चादरीवर पांढऱ्यांचे, म्हणजे कोणताही रंग मुळात श्रेष्ठ नाही. सर्व दाणे एकाच रंगाचे असता कितीही वेचणी झाली तरी काही बदलत नाही. म्हणजे भेद नसेल तर निवडही नाही. एकही पांढरा दाणा हिरवा झालेला नाही. आणि निरनिराळ्या गटांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. म्हणजे योगायोगाचाही काही वाटा असतो. हा प्रयोग म्हणजे तत्त्वाचे प्रात्यक्षिक आहे, त्याचा पुरावा नव्हे, हेही सांगावे. पुरावा फिंच व डास यांच्यासारख्या प्रत्यक्ष निरीक्षणांतून मिळतो.

टाळावयाचे गैरसमज

पहिला गैरसमज जिराफाच्या मानेसंबंधीचा. उंच पाने खाण्यासाठी मान ताणल्याने ती लांब झाली व ती लांबी पिलांत उतरली, असे सांगण्यात येते. लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतः पिळदार नसतात, एवढे स्मरण ठेवले तरी यातील दोष ध्यानात येईल. आयुष्यात कमाविलेली अशी ठेवण संततीत उतरत नाही.

दुसरा गैरसमज माणसाविषयीचा. 'माकडाचा माणूस झाला' हे वाक्य वर्गात उच्चारू नये. आजची माकडे ही माणसाचे पूर्वज नव्हेत. माणूस व चिंपांझी यांचे वंश एका समान पूर्वजापासून सुमारे साठ ते सत्तर लक्ष वर्षांपूर्वी वेगळे झाले. चुलत भावंडे एकमेकांची आजोबा नसतात, तर त्यांचा आजोबा एक असतो, हा दाखला मुलांना लगेच समजतो.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे. 'योग्यतमाची टिकाव' या अर्थाचा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर याने १८६४ साली केला व डार्विनने तो पुढे आपल्या ग्रंथात घेतला. त्याचा अर्थ 'बळी तो कान पिळी' असा करून काहींनी गरिबांना, दुर्बलांना व अन्य वंशांच्या लोकांना 'अयोग्य' ठरविले आणि त्यांच्यावरील अन्यायाचे समर्थन केले. हा शास्त्राचा उघड दुरुपयोग होय. निसर्गात काय घडते, हे शास्त्र सांगते; माणसाने कसे वागावे, हे त्यातून निघत नाही. शिवाय ज्या मुलाजवळ पाटी नाही, पुस्तक नाही, ज्यास पोटभर अन्न नाही, ते मागे पडले तर तो त्याच्या वंशाचा दोष नसतो. वर्गातील मागे पडलेल्या मुलास जवळ घेऊन पुढे आणणे हेच शिक्षकाचे काम आहे. चाळणीचे काम त्याचे नव्हे.

स्वाध्याय

१. शेतकऱ्याची निवड व निसर्गातील निवड यांत साम्य कोणते व भेद कोणता?
२. दॅफ्नी बेटावरील फिंचांच्या चोचींची सरासरी जाडी १९७७ नंतर वाढली. परंतु एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. हे कसे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. 'डासांना फवारणीची सवय झाली' हे वाक्य शास्त्रीय दृष्ट्या शुद्ध करून लिहा.
४. वाटाण्यांच्या खेळाचे तीन पिढ्यांचे आकडे कोष्टकात मांडा व त्यावरून आलेख काढा.
५. क्षयरोगाच्या रुग्णाने बरे वाटू लागल्यावरही औषधे का चालू ठेवावीत, हे घरातील मोठ्या माणसांना समजावून सांगा व त्यांनी विचारलेले प्रश्न वर्गात आणा.